काय मिळालं म्हणून विचारणाऱ्यांसाठी

"सिस्टर, तुमचा पॉझिटिव्ह आलाय," डॉक्टर म्हणाले. ते लांब दारात उभे होते. मी पत्र्याच्या शेडबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर सकाळपासून बसून होते. आदल्या दिवशी मी आरटीपीसीआर केली होती, म्हणजे नाकात आणि घशात काडी फिरवून करतात ती तपासणी. निकाल काय येणार हे मला आधीच कळलं होतं. पीपीई किट उतरवताना फरशी पुसायच्या ब्लीचिंगच्या पाण्याचा वास मला आला नव्हता. एरवी त्या वासाने डोळे चुरचुरायचे.

भीती वाटायला हवी होती. आला तो राग. घरी माझे मोठे दीर, प्रभाकर भाऊजी, आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार होते, "मी म्हटलंच होतं."

साथ संपून इतकी वर्षं झाली तरी लोक मला विचारतात, "नर्स म्हणून फुकट राबलीस, काय मिळालं तुला त्यातून?" कोणी सहज विचारतं, कोणी टोचून. पुन्हा कधी अशी वेळ आली आणि तुमच्यापैकी कोणाच्या मनात जायचं आलं, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोड काही वाचायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आम्ही वसईजवळच्या वटारचे. नारळ, केळी, थोडा सोनचाफा अशी वाडी. घर एक, स्वयंपाकघर एक, भाऊ दोन. वाडी भाऊजी बघायचे. माझा नवरा मिलिंद कंपनीत कामाला. मी नर्सिंगचा कोर्स केलेला, लग्नाआधी आणि नंतरही वसईतल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी केलेली. मुलगी झाली, ती सारखी आजारी पडायला लागली, आणि मी घरी बसले. घरी बसणं इतकं अंगवळणी पडलं की मला इंजेक्शन देता येतं हे शेजारणी सोडून सगळे विसरले. मीही विसरत चालले होते.

पहिल्या लाटेत सातिवलीला एका रिकाम्या गोदामात तात्पुरतं कोविड सेंटर उभं राहिलं. नर्स मिळत नव्हत्या. जुन्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीने मेसेज पाठवला, प्रशिक्षण घेतलेलं कोणीही या, मानधनाचं नक्की नाही. मी मिलिंदला वाचून दाखवला. तो म्हणाला, "तुला जायचंय ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग दादाशी मी बोलतो."

दादाशी बोलून काही उपयोग झाला नाही. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगुलपणाची हौस असेल तर तिने घर सोडून करावी. आमच्या पोराबाळांच्या जिवावर नको."

त्यात चूक काय होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. म्हणून वाडीतली पंपाची खोली झाडून घेतली आणि तिथे राहायला गेले. पंप, खतांच्या गोण्या आणि एक खाट. मुलगी, ईशा, मोठ्या जाऊबाईंकडे राहिली. त्यांना मी वहिनी म्हणते. वहिनी नवऱ्यासमोर माझी बाजू कधी घेत नसत. पण ईशाच्या वेण्या घालून, तिला जेवायला घालून, माझं ताट झाकून पंपाच्या खोलीच्या पायरीवर ठेवून जात. हे मी विसरलेले नाही.

मी जायला लागले आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवा आला. कोणी लावला ते कोणी सांगेना. दूधवाला बांबूपाशी थांबायला लागला. मग केळी नेणाऱ्या व्यापाऱ्याने फोन करून सांगितलं की तुमच्या वाडीतला माल सध्या नको. घड झाडावर पिकून पाखरांनी खाल्ले. भाऊजी मिलिंदला म्हणाले, "सांग तुझ्या बायकोला, हे तिने केलंय."

मी ते ऐकलं. त्यांचं नुकसान खरं होतं. पण बांबू लावणाऱ्यांना ते एक शब्द बोलले नाहीत. मला बोलणं सोपं होतं.

सेंटरवर तरी मान मिळत असेल, असं तुम्हाला वाटेल. फाटकाबाहेर नातेवाईक उभे असायचे. त्यांना आत सोडता येत नव्हतं, फोन लागत नव्हते, आणि समोर दिसणारं माणूस म्हणजे आम्ही. एकाने माझ्या गाडीसमोर उभं राहून शिव्या दिल्या. एक बाई थुंकली. आतले रुग्ण घाबरलेले आणि म्हणून चिडलेले. जेवण गार आहे, पंखा लांब आहे, शेजारचा रात्रभर कण्हतो. पत्र्याखाली पीपीई किटमध्ये अंगातून पाण्याच्या धारा लागायच्या. ते किट म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा प्लास्टिकचा झगा. एकदा घातलं की पाणी नाही, लघवीला जाणं नाही. अशा अवस्थेत हसून बोलणाऱ्या नर्सचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मी त्यातली नव्हते. मी खेकसायचे.

आमच्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या सिस्टर ब्रिजिट. नंदाखालच्या. निवृत्त झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या, जिभेला कसलाही लगाम नसलेल्या. त्याही माझ्यासारख्याच स्वतःहून आलेल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातला एक माणूस गेला. मी कोपऱ्यात जाऊन रडायला लागले, तर त्या मागे येऊन म्हणाल्या, "इथे नाही रडायचं. डॉफिंग झालं की रड." डॉफिंग म्हणजे किट ठरलेल्या क्रमाने उतरवणं. "आत रडलीस तर गॉगल धुकट होतो. मग पुढच्याची शीर कशी दिसणार तुला?"

मला त्यांचा संताप आला. मी डोळे मिटले, उघडले आणि पुढच्या रुग्णाकडे गेले. ती अर्नाळ्याकडची म्हातारी होती. सलाइन लावताना मी तिचा हात पुन्हा पुन्हा चाचपतेय हे तिने पाहिलं. "घाबरू नको गो," ती म्हणाली. "आधी मला पानी दे, मग टोच." पहिल्या प्रयत्नात शीर सापडली. इतक्या वर्षांनी. बोटांना सगळं आठवत होतं.

त्या दिवशी पंपाच्या खोलीत परत आल्यावर मी रडले नाही. जेवले आणि झोपले. मला छान वाटत होतं, आणि छान वाटल्याची लाजही वाटत होती, कारण एक माणूस मेला होता.

तर मी पॉझिटिव्ह आले. मिलिंदने कामावरून घरी फोन केला. भाऊजी म्हणाले, "वाडीत आणू नको तिला." मिलिंद म्हणाला, "ती पंपाच्या खोलीतच असते, दादा." भाऊजी म्हणाले, "तीपण खोली माझ्याच वाडीत आहे."

मिलिंद मला हे सांगणार नव्हता. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आजारी माणसाला अशा गोष्टी सांगू नयेत असं मला शिकवलेलं आहे. पण माझ्या बाबतीत त्या वाक्याचा फायदा झाला. मरायचं नाही हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

मला माझ्याच वॉर्डात ठेवलं. ताप, मग कोरडा खोकला, मग श्वास. एचआरसीटी केलं. तो छातीचा बारकाईने काढलेला स्कॅन असतो. "दोन्ही फुप्फुसांत ठिपके आहेत," डॉक्टर म्हणाले. "ऑक्सिजन लावू. घाबरायचं कारण नाही, पण हलगर्जीपणा नको."

ज्या खाटांभोवती मी पळत होते त्यातल्या एका खाटेवर पडल्यावर मला कळलं की इथून काय दिसतं. छताचे पत्रे दिसतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं दिसतात, त्यातलं कोण कोण ते कळत नाही. मास्कची कड नाकाच्या हाडावर रुतते. पाण्याची बाटली हाताला लागेल अशी वाटते आणि लागत नाही. आपल्याला नावाने हाक मारत नाहीत, "सतरा नंबर" म्हणतात. मीही तेच म्हणत होते. आजारी माणसं चिडतात ती का, हे मला पुस्तकातून कोणी शिकवलं नव्हतं.

एका सकाळी माझा ऑक्सिजन घसरायला लागला. प्रोनिंग करायला हवं होतं, म्हणजे पालथं झोपायचं, त्याने फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा जाते. मी कितीतरी जणांना हे समजावून सांगितलं होतं. आता मला ते नको होतं. पोटावर झोपलं की जीव घाबरायचा. सिस्टर ब्रिजिट आल्या, नळ्या सावरल्या, खांद्याखाली उशी सारली आणि मला अक्षरशः उलटं केलं.

"सगळ्या वॉर्डाला लेक्चर देतेस," त्या म्हणाल्या, "आणि स्वतः पाठीवर पडून राहतेस होय?"

मी मास्कमधून काहीतरी उर्मट बोलले. काय ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "बोल, बोल. शिव्या देणारे पेशंट मला आवडतात. गप्प होतात त्यांची काळजी वाटते." त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. हातमोज्यातूनही गरम लागत होता. आकडा वर चढेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

मी बरी झाले. घरी परतले ती पंपाच्या खोलीतच, भाऊजींना न विचारता. बांबू तसाच होता. ईशा लांबून बोलायची आणि मध्येच जवळ यायला बघायची, मग वहिनी तिला मागे ओढायच्या. थोडी चालले की धाप लागायची. डॉक्टरांनी विश्रांती संपली असं सांगितलं त्याच आठवड्यात मी पुन्हा सातिवलीला रुजू झाले. मिलिंदसुद्धा चिडला. "आता कोणासाठी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "स्वतःसाठी." तेव्हा ते मी नुसतं त्याला गप्प करायला म्हटलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनी वाडीतून धावत पंपाच्या खोलीपाशी आल्या. पदर तोंडावर धरलेला. "वैशाली, जरा चल ना. हे कसंतरीच बोलतायत."

भाऊजी पलंगावर बसून होते. ताप किती दिवस आहे ते वहिनींनी हळू आवाजात सांगितलं. बंदी असताना भाऊजी एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला जाऊन आले होते. घरात कोणाला बोलायचं नाही असं बजावून ठेवलं होतं, मला तर नाहीच. चेहऱ्यावर त्रास दिसत नव्हता. पण ते दोन शब्द बोलून थांबत होते, पुन्हा दोन बोलून थांबत होते. ओठांचा रंग बदललेला.

मी ऑक्सिमीटर पुढे केला. त्यांनी बोट मागे घेतलं. "तू. हात लावू नको. तुझ्यामुळेच. हे घरात आलं."

साखरपुड्याचं मी बोलू शकले असते. वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहून बोलले नाही. "बोट द्या," म्हटलं. वहिनींनी त्यांचा हात धरून पुढे केला. आकडा ब्याऐंशी. निरोगी माणसाचा पंच्याण्णवच्या वर असतो. याला डॉक्टर हॅपी हायपॉक्सिया म्हणतात. रक्तातला प्राणवायू कमी झालेला असतो, पण माणसाला फारसं जाणवत नाही, तो बसून बोलत असतो आणि अचानक कोसळतो. तुमच्या घरात कोणी असं तोडून तोडून बोलायला लागलं तर तो बरा दिसतोय म्हणून थांबू नका.

भाऊजी म्हणाले, दवाखान्यात जाणार नाही. तिथे गेलेले परत येत नाहीत.

"भाऊजी," मी म्हटलं, "मी तुम्हाला आवडत नाही. तुम्हीही मला आवडत नाही. ते आपण नंतर बघू. आत्ता उठायचं."

घरात असं त्यांच्याशी कधी कोणी बोललं नव्हतं. मिलिंद दारात थिजून उभा होता. भाऊजी उठले. मला वाटतं, रागाने उठले.

दोन हॉस्पिटलांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी सातिवलीला, माझ्याच वॉर्डात, खिडकीकडची खाट मिळाली. आत गेल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती दुसऱ्या सिस्टरची. सिस्टर ब्रिजिटनी विचारलं, "का? ही टोचते जोरात?" भाऊजी म्हणाले, "ती आमच्या घरातली आहे." सिस्टर म्हणाल्या, "मग बरंच की. इथे दुसऱ्या सिस्टर नाहीत, मी आहे आणि मी हिच्यापेक्षा वाईट आहे."

मी त्यांची सेवा प्रेमाने केली नाही. ते लिहिलं तर खोटं होईल. त्यांचं अंग पुसताना मला बांबू आठवायचा. नॉन-रिब्रीदर मास्क, म्हणजे पिशवी लावलेला जास्त ऑक्सिजनचा मास्क, त्यांच्या तोंडावर बसवताना "तीपण खोली माझ्याच वाडीत आहे" हे कानात वाजायचं. त्यांनी माझ्या हातचं सूप दोनदा ढकलून दिलं. एकदा माझ्या किटवर सांडलं. मी दुसरी वाटी आणली आणि म्हटलं, "हेपण सांडा. तिसरी आणेन. आज माझी ड्यूटी संध्याकाळपर्यंत आहे." ते प्यायले.

सगळ्यात कठीण गेलं ते पालथं झोपवणं. भाऊजी दांडगे माणूस. वळवलं की मिनिटाभरात परत पाठीवर यायचे, मास्क ओढायचे. आकडा खाली खाली जात होता. डॉक्टर माझ्याकडे येऊन म्हणाले, "पेशंट सहकार्य करत नसेल तर व्हेंटिलेटरसाठी हलवायची तयारी ठेवावी लागेल. आणि व्हेंटिलेटर आत्ता कुठेही रिकामा नाही. तुम्हाला कळतंय ना?" मला कळत होतं.

मी खाटेशेजारी स्टूल ओढलं. त्यांना वळवलं, दोन्ही मनगटं धरली आणि बसले. ते धडपडले. "सोड," म्हणाले. मी सोडलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या पायांना हात लावला होता, हातांना कधीच नाही. पंजे खडबडीत होते, नखांत माती. थोड्या वेळाने त्यांची धडपड थांबली आणि ते रडायला लागले. आवाज नाही, नुसती पाठ हलत होती. मला तेव्हा त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. आकडा एकेक करत चढला. सिस्टर ब्रिजिटनी लांबून बघितलं आणि माझे बाकीचे पेशंट स्वतः सांभाळले.

भाऊजी बरे होऊन घरी गेले. जाताना डॉक्टरांचे हात जोडून आभार मानले. सिस्टर ब्रिजिटनाही नमस्कार केला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मिलिंदला गाडी आणायला सांगितलंय का?" बस, इतकंच. वहिनी मात्र घरी माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझा हात घट्ट धरला आणि तशाच आत गेल्या.

साथ ओसरली तसा गल्लीच्या मंडळाने सत्कार ठरवला. शाल, नारळ, कोविड योद्धा लिहिलेलं मानपत्र. सत्कार करणाऱ्यांत बांबूच्या पलीकडून मला हाकलणारे दोघे होते आणि समितीत भाऊजी होते. मी सांगितलं, सिस्टर ब्रिजिटना बोलवा, मग मी येते. ते म्हणाले, त्या आपल्या गावच्या नाहीत. मग मी गेले नाही. भाऊजींनी घरात भांडण काढलं. मी त्यांना चारचौघांत तोंडघशी पाडलं म्हणाले. त्याच महिन्यात स्वयंपाकघरं वेगळी झाली. आता वहिनी मागच्या दाराने वाटीभर काही आणून देतात, मीही देते.

सिस्टर ब्रिजिटकडे मी नंदाखालला अधूनमधून जाते. त्यांना एकदा विचारलं, तुम्हाला काय मिळालं? "डायबिटीस," त्या म्हणाल्या. कोविड त्यांनाही होऊन गेला, तेव्हापासून साखर वाढलेली. मग केळीचा एक फणा माझ्या पिशवीत कोंबत म्हणाल्या, "आणि तू मिळालीस. दोन्ही आयुष्यभर सांभाळायचं." त्या बाईने मला माझं काम परत दिलं, आणि पाठीवर हात ठेवला तेव्हा माझा जीवही. त्यांचं हे ऋण मला मान्य आहे. बाकी कोणाचं नाही.

आता मी एका हॉस्पिटलात आयसीयूमध्ये काम करते. घरात कोणाची परवानगी विचारली नाही. डॉक्टर मला शीर सापडत नसलेल्या रुग्णांसाठी बोलावतात. ईशा शाळेच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे आधी गृहिणी लिहायची, आता परिचारिका लिहिते, आणि अक्षर जरा मोठं काढते. मला मिळालं ते हे. समाधान वगैरे म्हणतात तसं शांत काही नाही. मला अजूनही राग येतो. मी कोणालाही माफ केलेलं नाही आणि करायची घाईही नाही. फक्त राग आणि काम ही दोन वेगवेगळी माणसं असल्यासारखी एका अंगात राहू शकतात, हे मला त्या शेडमध्ये समजलं. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. चांगलं वाटत नाही म्हणून हात थांबवायची गरज नसते.

गेल्या आठवड्यात मी सुट्टीवर होते. वाडीत नारळ पाडायला आलेल्या माणसाने चुकून कोवळी शहाळी पाडली. भाऊजी बावखलाच्या काठाहून, आमच्या त्या जुन्या तळ्याच्या कडेने, त्याच्यावर ओरडत आले. त्याच्या बापापासून सुरुवात केली, मग त्याच्या कोयत्यावर, मग मिलिंदवर, मग ज्या बायकांना घर सांभाळता येत नाही त्यांच्यावर. शेवटचं माझ्यासाठी होतं, माझ्या खिडकीकडे बघून.

मी भाजी चिरत होते. हात थांबला. ते सगळं ते चढावरून चालत येताना, कुठेही न थांबता, एका दमात बोलले होते. मी खिडकीपाशी जाऊन त्यांच्या ओठांचा रंग पाहिला. चांगला होता. मग मी खिडकी लावून घेतली.